टाळ पिशवीतच राहिले: एका गाण्यावरून झालेलं भांडण

(नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप खाली देतोय. वैतरणा खाडीवर रेंज गेली की वाचायला बरं पडतं, असं तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी सांगितलंय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कापलेत. सगळे नाही.)

 हेडफोन लावलेत ना? लावा. आज थोडं संगीत, थोडं भांडण आणि थोडं घरचं.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. मी बोईसरचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आठवड्यातले तीन दिवस लोकलने मुंबई गाठतो आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवतो. आमचा पाच जणांचा बँड आहे. ड्रमवाला तारापूर एमआयडीसीत केमिस्ट आहे. गाणारी पालघरची, बँकेत आहे आणि शास्त्रीय शिकलेली आहे. कीबोर्डवाला माझा शाळेतला मित्र. आणि सॅक्सोफोनवाला वसईचा, त्याच्या घरात लग्नात बँड वाजवायची परंपरा आजोबांपासूनची. आम्ही जे वाजवतो त्याला जॅझ-रॉक म्हणतात. नाव मोठं आहे, आम्ही लहान आहोत.

तर झालं असं, की गणपतीत आमच्या इथल्या एका मंडळाने आम्हाला तासभर दिला. आम्ही ठरवलं, एक असं गाणं घेऊ जे सगळ्यांना पाठ आहे. ‘कानडा राजा पंढरीचा’. आणि ते आमच्या पद्धतीने वाजवू.

वाजवलं. त्या रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे काय होतं?’

बस. पुढचे तीन दिवस पाण्याचा टँकर, पार्किंग, लिफ्ट, सगळे विषय बंद. फक्त आम्ही.

पहिला गट म्हणाला, मूळ गाण्याला हात लावायचा नाही. जे सोनं आहे ते सोनं आहे, त्याला पॉलिश कशाला? दुसरा गट, म्हणजे आमच्या वयाची पोरं, म्हणाली, असं केलं तरच ही गाणी पुढे जातील, नाहीतर फक्त एकादशीला स्पीकरवर वाजतील. तिसरा गट सगळ्यात गोड. ते म्हणाले, मुलांनी मेहनत घेतली आहे, पण भाव गेला. आणि ‘भाव गेला’ याच्यावर काही बोलताच येत नाही, कारण भाव मोजायचं मीटर अजून निघालेलं नाही.

आता मी इंजिनियर माणूस. भांडणात उतरलो की आधी पुरावा शोधतो. आणि माझ्याकडे पुरावा होता.

मी लिहिलं: मंडळी, तुम्ही ज्याला मूळ अभंग म्हणताय तो कुठल्याही संताचा अभंग नाही. ते सिनेमातलं गाणं आहे. सिनेमा ‘झाला महार पंढरीनाथ’, साल १९७०. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, आणि गायलंय स्वतः फडके आणि पंडित वसंतराव देशपांडे यांनी. स्टुडिओत, वादक बसवून, सिनेमासाठी.

मग मी आणखी पुढे गेलो. म्हटलं, इंद्रायणीकाठच्या आळंदीचं ते भीमसेनजींचं गाणं घ्या. तेही बऱ्याच लोकांना संतांचं वाटतं. तेसुद्धा गदिमांचंच, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधलं, आणि संगीत पु. ल. देशपांडे यांचं. म्हणजे ज्या पु. लं.ना आपण हसायला वाचतो, त्यांनी चाल लावलेली आहे. तेव्हा ‘मूळ, मूळ’ करताना आधी मूळ कुठलं ते ठरवा.

पंधरा-वीस अंगठे आले. दोन टाळ्या. एका मित्राने आगीची खूण टाकली. मला वाटलं, जिंकलो.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी लिहिलं. त्या ग्रुपवर सहसा फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. त्यांनी लिहिलं, ‘सिनेमातलं आहे हे मला माहीत नव्हतं, आज कळलं. पण आमच्या सासूबाई रोज सकाळी भांडी घासताना हेच म्हणायच्या. त्यांनी तो सिनेमा बघितला नव्हता.’

एवढंच. पुढे काही नाही. अंगठा नाही, नमस्कार नाही.

मी तो मेसेज तीन-चारदा वाचला. कारण माझा सगळा पुरावा बरोबर होता आणि तरी त्या मेसेजपुढे तो कामाचा नव्हता. गाणं लिहिलं कुणी, हे मी सांगितलं होतं. गाणं झालं कुणाचं, हे काकूंनी सांगितलं. १९७० मध्ये ते सिनेमाचं होतं. त्यानंतर हजारो बायका-पुरुषांनी ते स्वयंपाकघरात, दिंडीत, भजनात म्हणून म्हणून अभंग करून टाकलं. मग मूळ कुठलं? स्टुडिओतलं की सासूबाईंचं?

इथे दोन मिनिटं थांबून जॅझ-रॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण ग्रुपवर एकाने ‘तो डीजे प्रकार’ असं लिहिलं होतं.

जॅझमध्ये साधारण असं असतं. आधी सगळे मिळून गाण्याची ओळखीची चाल वाजवतात. मग त्याच सुरांच्या चौकटीवर एकेक जण आपल्या मनाचं वाजवतो. सगळ्यांचं झालं की परत मूळ चाल. आपल्याकडे बंदिश मांडून मग आलाप-ताना घेतात आणि पुन्हा मुखड्यावर येतात, ते आठवा. अगदी तेच नाही, पण घराचा नकाशा ओळखीचा वाटतो. त्यात रॉकची इलेक्ट्रिक गिटार, बेस, जोरकस ड्रम आले की जॅझ-रॉक. माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला अल्बम, आणि तो आला १९७० मध्ये. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे ‘कानडा राजा’ आलं त्याच वर्षी. मला हे कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला होता.

त्या अल्बमवर गिटार वाजवणारा जॉन मॅकलॉफलिन पुढच्याच वर्षी स्वतःचा बँड काढतो आणि त्याचं नाव ठेवतो महाविष्णू ऑर्केस्ट्रा. नंतर तो झाकीर हुसेन, एल. शंकर आणि घटम वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्याबरोबर शक्ती उभा करतो. त्या शक्तीला २०२४ मध्ये ‘धिस मोमेंट’ या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं, तेव्हा त्यात गाणारे होते आपले शंकर महादेवन. तेही आधी सॉफ्टवेअर इंजिनियर. मी हे घरी दर दोन महिन्यांनी एकदा ऐकवतो.

आणि दुसऱ्याचं गाणं घेऊन आपल्या पद्धतीने वाजवणं, हे तर जॅझचं रोजचं काम. जॉन कोल्ट्रेनने ‘माय फेवरेट थिंग्ज’ घेतलं. ते न्यूयॉर्कच्या एका संगीत नाटकातलं, ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधलं, साधंसोपं गोड गाणं. कोल्ट्रेनने १९६१ च्या अल्बमवर ते जवळपास चौदा मिनिटं वाजवलं. पुढे तो ते लाइव्ह वाजवत राहिला, लांबवत राहिला. १९६६ च्या जपान दौऱ्यातलं एक रेकॉर्डिंग जवळपास तासाभराचं आहे. ते ऐकून आजही लोक दोन गटांत भांडतात. एक म्हणतो, हा शोध आहे. दुसरा म्हणतो, गाणं कुठे गेलं?

उलटंही होतं. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचं ‘टेक फाइव्ह’, १९५९ चं, पाच मात्रांचं. ते लाहोरच्या सचल स्टुडिओच्या वयस्कर वादकांनी २०११ मध्ये सतार-तबल्यावर वाजवलं. ब्रूबेक तेव्हा हयात होते, नव्वदीत होते, आणि त्यांना ते मनापासून आवडलं. म्हणजे मूळवाल्याला आवडलं. तरी भांडणारे भांडलेच असतील. आपण लोक तसे सगळीकडे सारखेच.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे आणि ते मला या सगळ्यांत जास्त आवडतं. ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यातलं ‘घेई छंद मकरंद’ हे पद एकाच नाटकात दोन वेगळ्या चालींत आहे. पंडितजींच्या घराण्याचं संथ, खाँसाहेबांचं वेगवान. शब्द तेच, माणूस बदलला की गाणं बदललं. म्हणजे अभिषेकीबुवांनी नाटकातच स्वतःच्या गाण्याचं कव्हर करून ठेवलंय! आणि ते वेगवान गाणारे खाँसाहेब कोण? वसंतराव देशपांडे. तेच, ‘कानडा राजा’मधले. २०१५ मध्ये त्या नाटकावर सिनेमा आला, तेव्हाही घरोघरी वाद झाला. माझ्या मामाने सिनेमा बघितला नाही, कारण त्याने वसंतरावांना ऐकलं होतं. माझ्या मामेबहिणीने वसंतरावांना शोधून ऐकलं, कारण तिने सिनेमा बघितला होता. एकाच घरातली दोन माणसं.

तर हे सगळं दारूगोळा माझ्याकडे होतं आणि मी ते ग्रुपवर टाकायच्या तयारीत होतो.

पण घरात एक माणूस होता ज्याने तीन दिवस काहीच लिहिलं नव्हतं. बाबा.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव सांगोल्याकडचं, सोलापूर जिल्हा. म्हणजे पंढरपूर शेजारीच. बाबा विसाव्या वर्षी नोकरीसाठी तारापूरला आले. तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना १९६९ चं अणुवीज केंद्र आठवतं, पण आमच्यासारखी बरीच घरं आली ती एमआयडीसीमुळे. कुणी जळगावचं, कुणी सांगलीचं, कुणी बिहारचं, कुणी केरळचं. एका कारखान्यात बाबांनी तीस वर्षं शिफ्ट केल्या. आणि त्या सगळ्या वर्षांत दर गुरुवारी, शिफ्ट सुटली की भजन. आठ-दहा जणांचं मंडळ. एकाच्या घरी पेटी, एकाकडे पखवाज, बाकी सगळ्यांकडे टाळ. लहानपणी मला वाटायचं, हे किती तेच तेच गातात. आता कळतं, की आठवड्यातून दोन तास ती माणसं गावी जाऊन येत होती. तिकीट न काढता.

चौथ्या दिवशी सकाळी आई डबा भरताना म्हणाली, ‘ग्रुपवर एवढं लिहितोस, बाबांना विचारलंस का?’

मी म्हटलं, ‘त्यांना आवडलं नसणार. म्हणून बोलत नाहीत.’

आई म्हणाली, ‘टाळ घेऊन गेले होते रे. पिशवीत. घरी आल्यावर तसेच खुंटीला अडकवले.’

मंडळी, खरं सांगतो, त्या तीन दिवसांत जेवढ्या शिव्या आम्हाला पडल्या, त्यातली एकही एवढी लागली नव्हती.

बाबा मला स्टेशनला स्कूटरवर सोडतात. त्या दिवशी तारापूर रोडवर ट्रकच्या मागे अडकलो होतो तेव्हा मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही टाळ आणले होते?’

‘हो.’

‘मग वाजवले का नाहीत?’

‘वाजवले की. मागच्या रांगेत बसून. दोनदा हात चुकला. मग म्हटलं तुमचं गाणं बिघडायला नको. ठेवून दिले.’

‘आवडलं नाही का तुम्हाला?’

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ती मुलगी छान गाते. तुझं ते खालचं वाजवणंही कळत होतं. पण मला कुठे शिरायला जागाच नव्हती.’

ट्रक हलला. पुढे विषय निघाला नाही.

आता यात तांत्रिक भाग काय आहे, तो सांगतो. कारण बाबांचा हात का चुकला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

बाबांच्या मंडळात हे गाणं भजनी ठेक्यात चालतं. आठ मात्रा. एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ. दर दुसऱ्या मात्रेला टाळ वाजवला तर आवर्तन कितीही वेळा फिरलं तरी टाळ जागच्या जागी पडतो. लहान मूलसुद्धा वाजवतं. दमलेला माणूसही वाजवतो. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे मिटून वाजवतो.

आम्ही ते सातमध्ये नेलं होतं. जॅझ-रॉकवाल्यांना विषम मात्रांचं वेड असतं, महाविष्णू ऑर्केस्ट्रा ऐकलंत तर कळेल. आपल्याकडे रूपक सात मात्रांचाच आहे, तीन-दोन-दोन, म्हणजे त्यात परकं काही नाही. आम्ही चालीतली एकेक मात्रा कापली आणि गाणं असं पुढे झुकल्यासारखं धावायला लागलं. वाजवणाऱ्याला फार मजा येते. पण सात ही विषम संख्या आहे. दर दुसऱ्या मात्रेला टाळी द्या बरं. पहिल्या आवर्तनात एक, तीन, पाच, सात. आता पुढची टाळी कुठे? दुसऱ्या आवर्तनात दोनवर. सम गेली! मग चार, सहा, आणि तिसऱ्या आवर्तनात परत एकवर. म्हणजे टाळ एकदा बरोबर, एकदा चूक, एकदा बरोबर, एकदा चूक. आमच्या धंद्यात याला ऑफ बाय वन म्हणतात. कोड दिसायला नीट, आणि एका आकड्याने सगळं घसरतं.

फक्त इथे चूक कोडमध्ये नव्हती. आम्हाला हवं होतं तेच झालं होतं. आम्ही अशी रचना केली होती की स्टेजवरच्या पाच जणांशिवाय कुणालाही तिच्यात येता येऊ नये. आणि गाणं कुठलं निवडलं होतं? ज्याच्यात गेली पन्नासहून जास्त वर्षं कुणीही येऊ शकतं ते.

भजनात काय होतं बघा. बुवा एक ओळ म्हणतात. मागचे झील धरतात, म्हणजे तीच ओळ उचलतात. ज्याला आवाज नाही तो टाळ वाजवतो. ज्याला टाळ नाही तो टाळ्या वाजवतो. तिथे ऐकणारा असा वेगळा कुणी नसतोच. आपल्या डहाणू-जव्हारकडचा तारपा नाच बघा. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेली माणसं गोल फिरतायत. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांत तो गोल तुम्ही बघितला असेल. तारपावाला वळला की रांग वळते. त्याच्या सुरावर पाय बदलतात. पण त्याचंही लक्ष पायांवर असतं. पाय अडखळतील असं तो वाजवत नाही. त्याला येत नाही म्हणून नाही. त्याला ते करायचंच नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, सगळं सोपंच वाजवायचं? सगळं टाळ्यांचंच? नाही. मला ते म्हणायचं नाहीये. कोल्ट्रेनचं ते तासभराचं वाजवणं मला प्रिय आहे आणि त्यात मला टाळी वाजवायला कुठेच जागा नाही. ते ऐकताना मी गप्प बसतो आणि मला तेच हवं असतं. पण तो गोड नाट्यगीत उचलून पार कुठल्या कुठे नेतो, तेव्हा ते गाणं कुणाच्या गुरुवारचं नसतं. त्याच्यावर कुणाची रात्रपाळी टेकलेली नसते. गाणं उचलताना एवढं तरी बघायला हवं, की याच्यावर कोण टेकून उभं आहे.

ग्रुपवर आम्ही तीन दिवस भांडलो ते वाद्यांवरून. गिटार चालते की नाही, सॅक्सोफोन चालतो की नाही, देवळात ड्रम चालतो की नाही. अरे, आपल्या भजनातली पेटीसुद्धा युरोपातून आलेली आहे. वाद्याचा प्रश्नच नव्हता. बाबांनी गिटारबद्दल एक शब्द काढला नाही.

तर त्या रविवारी पालघरला प्रॅक्टिसच्या खोलीत मी हे सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, सगळे हळवे होतील. कसलं काय! ड्रमवाला म्हणाला, ‘मग आपण बँड कशाला काढलाय? ऑर्केस्ट्रा काढू, लग्नात वाजवू.’ सॅक्सवाला त्याच्यावर चिडला, कारण लग्नात वाजवणं म्हणजे त्याच्या आजोबांचं काम, आणि ते सोपं असतं असं त्याला कुणी सांगितलेलं चालत नाही. मग माझ्यावरही चिडला, कारण मी त्याचं चार मिनिटांचं एकल वादन दोनवर आणायला सांगत होतो. ते त्याने महिनाभर बसवलं होतं. त्याचंही बरोबर होतं. गाणारी एकटी शांत होती. ती म्हणाली, ‘मला त्या दिवशी समोरचे लोक ओठ हलवताना दिसत होते आणि मग थांबताना दिसत होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.’

त्यानंतर कुणी फार बोललं नाही.

आम्ही जे केलं ते असं. सुरुवात सातमध्येच ठेवली. सॅक्सचं वादनही सातमध्ये, पण अडीच मिनिटं. दोनवर तो आला नाही, चारवर मी राहिलो नाही. मग गाणारी जिथे ध्रुवपदाला परत येते, तिथे ड्रम पूर्ण थांबतो, मी एकच सूर धरून ठेवतो, आणि ती कापलेली आठवी मात्रा परत देतो. तिथून पुढे आठ. आणि ध्रुवपद ती एकदाच म्हणते. दुसऱ्यांदा म्हणत नाही. माईकपासून मागे सरकते. कुणी उचललं तर उचललं.

कार्तिकी एकादशीला बाबांच्या मंडळाने आम्हाला बोलावलं. मंडळाने म्हणजे बाबांनीच, पण ते तसं म्हणणार नाहीत. छोटा हॉल, चाळीसेक माणसं, दोनच स्पीकर. बाबा पहिल्या रांगेत. पिशवी मांडीवर.

सात मात्रांच्या भागात लोक गप्प होते. दोन आजोबा एकमेकांकडे बघत होते. सॅक्स सुरू झाला तेव्हा एक लहान मुलगी उठून त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडं ठेवून बघत बसली. मग ड्रम थांबला. मी सूर धरला. गाणारीने ध्रुवपद म्हटलं आणि मागे सरकली.

एक आवर्तन कुणीच काही म्हटलं नाही. पूर्ण रिकामं गेलं. मंडळी, आठ मात्रा किती लांब असतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बोटाला घाम आला होता आणि सॅक्सवाला माझ्याकडे ‘बघ, सांगितलं होतं’ अशा नजरेने बघत होता.

दुसऱ्या आवर्तनात मागून एका बाईंचा आवाज आला. मग आणखी दोन. मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. तो मी ओळखतो.

किती वेळ चाललं मला माहीत नाही. व्हिडिओ काढायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, त्यामुळे पुरावा नाही. नंतर ड्रमवाला आत शिरला, पण हळू, ब्रशने. सॅक्सवाल्याने त्यांच्या आवाजाच्या मागून दोनच सूर वाजवले, लांब, आणि मला विचाराल तर त्याच्या त्या चार मिनिटांपेक्षा ते दोन सूर भारी होते. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आता तो हा भाग ऐकेल तेव्हा कळेल.

सगळे खूश झाले असं समजू नका. आमचेच दोन मित्र, जे आम्हाला सुरुवातीपासून ऐकतात, त्यांनी नंतर सांगितलं की तुम्ही सोपं केलं, लोकांना आवडावं म्हणून वाकलात. सातमधून आठमध्ये येणं म्हणजे माघार घेणं, असं त्यांचं मत आहे. मी वाद घातला नाही. कदाचित थोडं वाकलोही असू. आणि मंडळातल्या एका काकांनी सांगितलं, सगळं छान, पण तो पितळी भोंगा नको. म्हणजे भांडण चालूच आहे. फक्त या वेळी ते भांडण गाणं म्हणून झाल्यावर, चहा पिताना झालं.

घरी येताना बाबा स्कूटर चालवत होते, मी मागे बेस पाठीला लावून. मी विचारलं, ‘कसं झालं?’

म्हणाले, ‘बरं झालं. पण तुमचा तो ड्रमवाला शेवटी धावतो. त्याला म्हणावं गुरुवारी येऊन बस.’

ड्रमवाल्याला निरोप दिलाय. दोन गुरुवार झाले, त्याची शिफ्ट आडवी येतेय म्हणतो. बघू.

तर मंडळी, आजचा भाग इथे थांबवतो. तुमच्या घरात कुठल्या गाण्यावरून अशी भांडणं झाली आहेत? कुठलं नवं व्हर्जन ऐकून तुम्ही चिडलात, आणि ते चिडणं नेमकं कशाबद्दल होतं, हे शोधलंत का? मला व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत. आणि घरात जो माणूस ग्रुपवर काहीच लिहीत नाही ना, त्याला एकदा विचारा. पुढच्या भागात भेटू. डहाणू लोकल वेळेवर असो. नमस्कार.